धुतलेली हवा

डागशेठ समोरच्या माणसाचं तोंड नंतर बघत, आधी त्याच्या कपड्यांवरचा डाग. कोणी हात जोडले की यांची नजर त्याच्या बाहीवर. "शाई आहे. चोळू नका, आणून द्या," एवढं म्हटलं की नमस्कार पोचला असं समजायचं. एकदा कुणाच्या तरी मयताला गेले होते, तिथं गेलेल्याच्या मुलाला मिठी मारून त्याच्या कानात म्हणे पुटपुटले, "खांद्यावर तेल सांडलंय, आजच भिजत घाल." ही गोष्ट साफ खोटी आहे असं त्यांची बायको शपथेवर सांगायची, पण सांगताना तोंडावर पदर धरून हसायची, त्यामुळे गल्लीनं ती खरी धरली.

खरं तर सांगायचं आहे ते या बायकोबद्दलच. लहानथोर सगळे तिला वहिनी म्हणत. लग्न होऊन आल्या त्या थेट लाँड्रीत. सासऱ्यांनी सूनमुख बघितलं, हात बघितले, म्हणाले, "मनगट बरं आहे," आणि इस्त्री पुढे सरकवली. तेव्हापासून वहिनी आणि इस्त्री यांचा संसार सुरू झाला. डागशेठ त्या संसारात अधूनमधून असत.

पुढं दुकान, मधे पडदा, पडद्यामागे एक खोली. त्या खोलीत स्वयंपाक, झोप, भांडणं, पाहुणे, सगळं. दुकानात कोपऱ्यात डाग काढायच्या औषधाचे डबे. त्याचा वास असा, की नवा माणूस आत आला तर डोळे चोळायला लागे. वहिनींना तो वास येईनासा होऊन जमाना झाला होता. नाकाला येईना, पण छातीला येत होता, हे फार उशिरा कळलं.

लाँड्रीवालीला गल्लीची जेवढी माहिती असते तेवढी पोलिसाला नसते. वकिलाच्या कोटाच्या खिशात दोघांच्या जेवणाचं बिल निघालं आणि वकिलीणबाई तर माहेरी, हे वहिनींना जेवण पचायच्या आत कळलेलं असे. बँकेतल्या साहेबांच्या पँटीत लॉटरीची तिकिटं. जिममधे पोरांना दंड मारायला लावणाऱ्या पैलवानाच्या खिशात गुडघ्याचं मलम. वहिनी जे सापडेल ते पाकिटात घालत, घडी केलेल्या कपड्यांच्या मधे ठेवत आणि गिऱ्हाइकाकडे न बघता गठ्ठा पुढे करत. सांगत कुणालाच नसत. फक्त शेजारच्या शिकवणीबाईंना.

शिकवणीबाई म्हणजे भिंतीपलीकडच्या खोलीत मुलांच्या शिकवण्या घेणारी बाई. एकटी. नवरा होता, तो दुसरीकडे राहायला गेला आणि तिथंच रमला. बाई त्याबद्दल एवढंच म्हणत, "त्याचं गणित कच्चं होतं, एकात समाधान मानता आलं नाही." दमा लहानपणापासूनचा. वर्गातली मुलं, त्यांचे बूट, त्यांची दप्तरं, सगळी धूळ बाईंच्या छातीत जाऊन बसे. एका वर्षी निकाल चांगला लागला म्हणून पालकांनी वर्गणी काढून बाईंना हवा शुद्ध करायचं मशीन भेट दिलं. गल्लीतलं पहिलं. लोक बघायला येऊन गेले. काहीच दिसत नाही म्हणून हिरमुसले होऊन परत गेले.

"भेट देणाऱ्यांची एक गंमत असते वहिनी," बाई म्हणाल्या होत्या. "मशीन देतात. फिल्टर पुढचे ज्याचे त्यानं. हत्ती बांधून गेले दारात."

वहिनींना जिना चढताना थांबावं लागू लागलं, मग बोलताना. डॉक्टर म्हणाले, "दुकान बदला, नाहीतर फुप्फुसं बदला. दुकान स्वस्त पडेल." डॉक्टर विनोदी होते. दोन्ही होण्यासारखं नाही हे त्यांनाही दिसत होतं, तेव्हा म्हणाले, निदान झोपता त्या खोलीची हवा तरी सुधारा, मशीन घ्या.

आता डागशेठना पैसे खर्च करायला लावायचं म्हणजे शाईचा जुना डाग काढण्यापैकी काम. पण बायकोला रात्री उशांचा ढीग करून बसावं लागतं हे त्यांनाही बघवत नव्हतं. माणूस कंजूष होता, दगड नव्हता. नवी स्कूटर घ्यायची म्हणून पैसे बाजूला ठेवले होते, ते काढले. वहिनींना घेऊन निघाले तेव्हा शिकवणीबाईंनी दारातून बजावलं, "मशीनच्या किमतीला भुलू नका, शेठ. फिल्टर केवढ्याला पडतो आणि किती महिने टिकतो ते आधी विचारा. खरा खर्च तोच. वर्षाचा हिशेब मांडा आणि मग घ्या. आणि खोली केवढी आहे ते सांगा, उगाच हॉलचं मशीन गळ्यात मारतील."

दुकानात विक्रीवाला मुलगा पाठ केल्यासारखा बोलत होता. ही बाहेरची जाळी, केस आणि धागे अडवते. हा आतला, बारीक धूळ अडवणारा. हा कोळशाचा, वास घेणारा. हे मशीन मोठ्या खोलीला, हे लहान खोलीला, हे झोपेत आवाज करत नाही. डागशेठ प्रत्येक वस्तूवर एकच विचारत.

"धुता येतं का?"

"जाळी धुवा. आठवड्याला धुवा."

"आणि आतला?"

"आतला बदलायचा."

"बदलायचा म्हणजे फेकायचा?"

"हो काका."

डागशेठनी वहिनींकडे असं बघितलं, जणू समोरचा माणूस शर्ट एकदा घालून फेकून देतो असं सांगतोय. वर्षाचा हिशेब त्यांनी मांडलाच नाही. सगळ्यांत स्वस्त मशीन उचललं. त्याचा फिल्टर सगळ्यांत महाग होता. विक्रीवाल्यानं ते सांगितलंसुद्धा, पण डागशेठच्या डोक्यात तेव्हाच काहीतरी शिजायला लागलं होतं.

मशीन खोलीत आलं. वहिनींच्या उशाशी ठेवलं. पहिल्या महिन्यात वहिनी आडव्या झोपायला लागल्या. दुसऱ्यात जिना एका दमात. वकिलीणबाईंना त्यांनी स्वतः वर जाऊन कपडे दिले, तेवढ्यासाठीच खास. शिकवणीबाई म्हणाल्या, "आता पळण्याच्या शर्यतीत नाव घाला." वहिनी म्हणाल्या, "घालते. तुम्ही मागून ढकला."

मग एक दिवस मशीनवर लाल दिवा लागला. फिल्टर संपला. डागशेठ दुकानात गेले, किंमत विचारली, आणि परत आले ते हात हलवत. मशीन उघडलं. फिल्टर बाहेर काढला. पांढऱ्याचा काळपट झालेला, चुण्यांचुण्यांत धूळ बसलेली. डागशेठचे डोळे चमकले. आयुष्यभर वाट बघितली असा डाग समोर आला होता.

त्यांनी त्या दिवशी दुसरं काम घेतलं नाही. कोमट पाणी, मुलांच्या लोकरी कपड्यांना वापरतात तो सौम्य साबण, लहान मऊ ब्रश. एकेक चुणी उलगडून, दबू न देता, वरून खाली. पाणी काळं निघालं, पुन्हा पाणी, पुन्हा काळं, मग करडं, मग स्वच्छ. सावलीत उभा करून वाळवला. वाळल्यावर नव्यापेक्षा पांढरा. मशीनमधे बसवला, पुस्तिकेत बघून बटण दाबून धरलं, लाल दिवा विझला.

"हे बघ," डागशेठ म्हणाले. "फेका म्हणे. त्यांच्या बापाचं काय जातंय. धुतलं की नवं."

वहिनींनाही ते पटलं. का पटू नये? पडदे असोत, गाद्यांच्या खोळी असोत, जिच्यापुढे लोकांनी हात टेकले अशी वस्तू नवऱ्याच्या हाताखालून पांढरी होऊन निघालेली त्यांनी रोज बघितली होती. पांढरं म्हणजे स्वच्छ. लाँड्रीत राहणाऱ्याला याच्यापलीकडे काही शिकवावं लागत नाही. आणि मशीननंच लाल दिवा विझवला होता, म्हणजे त्यालाही पटलं होतं.

ही बातमी डागशेठच्या पोटात राहते कुठली. तोवर गल्लीत बऱ्याच घरांत मशीनं आली होती. सगळ्यांचे दिवे पाठोपाठ लाल व्हायला लागले होते, आणि फिल्टरची किंमत ऐकून सगळे हादरले होते. पहिला फिल्टर शिकवणीबाईंचाच आला. मग बँकेतल्या साहेबांचा. मग पैलवानाचा, तो म्हणाला, जिममधल्या घामाचा वास जाईल ना नक्की. डागशेठनी दर लावला, एक कोट ड्रायक्लीन करायला पडतो तेवढा. नव्या फिल्टरपुढे काहीच नाही. पुढं तर दारावर पाटीच लागली: येथे हवेचे फिल्टर धुऊन मिळतील. दोरीवर शर्टांच्या जागी फिल्टर लटकू लागले. लोक येऊन सांगत, शेठ, फरक पडला हो, एकदम मोकळं वाटतं. पैसे वाचल्यावर माणसाला मोकळं वाटणारच.

वहिनींना मात्र वाटेना. पुन्हा उशा वाढल्या. पुन्हा जिन्यात थांबणं. डॉक्टरांनी तोंडानं ओढायचा पंप वाढवून दिला. डागशेठ मशीन उघडत, फिल्टर काढून उजेडात धरत.

"बघ की. डाग नाही एक. पांढराशुभ्र आहे. तुझंच काहीतरी असेल. तू खातेस कमी."

"असेल," वहिनी म्हणत. त्यांनी खाणं वाढवलं. झोपायची जागा बदलली. औषधाचे डबे घट्ट झाकून बाहेर ठेवले. मग त्या आपल्या छातीवर चिडायला लागल्या. सगळ्यांना गुण येतो, मलाच का नाही. शिकवणीबाईंना एकदा म्हणाल्या, "तुम्हाला कसं आहे?" बाई म्हणाल्या, "बरं आहे की. म्हणजे आहे तसंच आहे, पण धुतलेलं आहे ना, त्यामुळे मनाला बरं." दोघी हसल्या. हसताना दोघींनाही खोकला आला, त्यावर आणखी हसल्या.

मग मशीनच घरघरायला लागलं. डागशेठ ते मशीनच्या दुकानातल्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. सकाळी गेलेला माणूस दुपारी आला. मशीन जागेवर ठेवलं, चालू केलं आणि जेवायला बसला. एक शब्द बोलला नाही. हा माणूस साधी कंगवी जरी घासाघीस करून आणली, तरी भाव किती सांगितला होता, किती पाडला, दुकानदाराचं तोंड कसं झालं हे गल्लीच्या टोकापर्यंत सांगत जाई. वहिनींना वाटलं दुरुस्तीला फार पैसे पडले. म्हणून त्यांनी विचारलं नाही.

पण छाती हलकी व्हायला लागली. आठवडाभरात उशा कमी झाल्या. आणि एके सकाळी केर काढताना कचऱ्याच्या डब्याच्या तळाशी, भाजीच्या देठांखाली, प्लॅस्टिकची पिशवी सापडली, चार तुकडे केलेली. त्यावर फिल्टरचं चित्र. घरात पिशव्या धुऊन वापरतात. डागशेठनी पिशवी फाडून देठांखाली दडवावी हे त्यांच्या सगळ्या आयुष्याशी विसंगत होतं.

दुपारी गिऱ्हाईक नसताना वहिनींनी इस्त्री उभी केली.

"अहो, आपला फिल्टर नवा आहे का?"

डागशेठ एका कॉलरवर ब्रश मारत होते. मारत राहिले.

"हो."

"धुतलेला का नाही घातला?"

"झिजला होता."

"मग शिकवणीबाईंचा झिजला नसेल?"

कॉलर स्वच्छ झाली होती. तरीही ते घासत होते.

"अहो, मी विचारतेय."

"त्या दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितला आणि हसायला लागला," डागशेठ म्हणाले. "दुसऱ्यांना बोलावून दाखवला. म्हणाला, काका, हे कापड नाही. पाणी लागलं की याचे धागे सुटतात. दिसायला पांढरा, पण बारीक धूळ सरळ आरपार. म्हणाला, पंखा लावून बसला असतात तरी एवढंच झालं असतं."

"आणि तो दिवा?"

"दिव्याला काय कळतंय. तो नुसता तास मोजतो. बटण दाबलं की पहिल्यापासून मोजायला लागतो."

वहिनी स्टुलावर बसल्या. इतके महिने छातीला शिव्या घातल्या होत्या त्यांनी.

"मला सांगितलं नाहीत."

"तुला आणून बसवला ना नवा? सांगून काय वेगळं झालं असतं?"

"लोकांना सांगा मग. पाटी काढा."

"काढतो. आणि विचारलं का काढली, तर काय सांगू? की इतके दिवस पैसे घेऊन तुमचे फिल्टर खराब करून दिले? उद्या कोट तरी आणून देईल का कोणी?"

"बाईंना तरी सांगा. दमा आहे त्यांना."

"बाईंना सांगितलं म्हणजे बाई गप्प बसतील? मुलांच्या आयांना सांगणार नाहीत?" मग त्यांनी ब्रश ठेवला आणि पहिल्यांदा वहिनींकडे बघितलं. "आणि एक सांग. हा नवा कशातून आला असं वाटतं तुला? शर्टांतून? शर्ट आता सगळे घरच्या मशीनमधे टाकतात. ते दोरीवर लटकलेत ना, त्यांतून आला. पुढचाही त्यांतूनच येणार. पाटी काढायची असेल तर काढ. तूच काढ."

असं म्हणून त्यांनी शर्ट दोरीवर टाकला, दोन फिल्टरांच्या मधे. माणूस ओरडला असता तर वहिनींना भांडता आलं असतं. तो ओरडला नाही. त्याच्या आवाजात जरासुद्धा उर्मटपणा नव्हता. दमलेला आवाज होता. आणि जे बोलला ते सगळं खरं होतं, हेच वाईट.

वहिनींनी ठरवलं, बाईंना आपण सांगायचं. गुपचूप. बाईंपाशी सांगितलेलं बाहेर जात नाही. वकिलाचं बिल गेलं नाही, पैलवानाचं मलम गेलं नाही. स्वैपाक करताना त्यांनी वाक्य जुळवलं. कपडे घडी करताना पुन्हा जुळवलं. रोज ते वाक्य थोडं लांबत होतं आणि रोज छाती थोडी बरी होत होती.

एका दुपारी डागशेठ साबणाच्या व्यापाऱ्याकडे गेले होते तेव्हा बाई स्वतःच आल्या, फिल्टर वर्तमानपत्रात गुंडाळून. उंबऱ्यापाशी थांबून त्यांनी श्वास घेतला. मग आत आल्या.

"तुमच्या गालांना काय चोळलंय वहिनी? रंग आलाय."

"काही नाही. उन्हाचं."

"सावलीत बसून उन्हाचं. कोणी भेटलंय का नवीन? मला सांगा, मी शेठना सांगत नाही."

वहिनी हसल्या नाहीत. बाईंनी फिल्टर पुढे केला. वहिनींनी तो घेतला आणि उलटसुलट केला. चुण्या सैल झाल्या होत्या. मधे एका ठिकाणी उजेड दिसत होता. आता माहीत असल्यामुळे दिसला.

"बाई, यंदा नवाच घ्या की," वहिनी म्हणाल्या.

"नवा? आणि फी तुम्ही भरणार का माझ्या पोरांची? दोघांनी शिकवणी सोडली. तुम्ही होता म्हणून मशीन चालवते, नाहीतर त्याच्यावर टेबलक्लॉथ घालून फुलदाणी ठेवली असती."

"तसं नाही. म्हणजे, खूप वेळा धुतलाय ना हा."

"धुतल्यावर पांढरा होतो ना?"

"होतो."

"मग झालं तर. का हो, धंदा नको झाला का तुम्हाला? का मी पैसे बुडवीन असं वाटतंय?"

इथं वाक्य म्हणायचं होतं. वहिनींनी तोंडसुद्धा उघडलं. तेवढ्यात त्यांच्या मनात एक विचार आला, अगदी शहाण्यासारखा वाटणारा: सांगितलं तरी नवा घेणं बाईंना परवडत नाहीच. मग सांगून फक्त मनाचं बरं वाटणंही काढून घ्यायचं. हा विचार त्यांना इतका सोयीचा पडला की त्या स्वतःच दचकल्या. दचकल्या, पण सोडला नाही त्यांनी तो.

"परवा देते," त्या म्हणाल्या.

"उद्या जमेल का? फार धूळ आहे हो हल्ली."

"उद्या देते."

बाईंनी पैसे ठेवले. वहिनींनी नको म्हटलं. बाईंनी हट्टानं पुन्हा ठेवले, फुकटची मेहेरबानी नको म्हणाल्या. मग दोघींत ती नोट थोडी इकडून तिकडे झाली आणि शेवटी गल्ल्यात गेली.

बाई गेल्या. वहिनींनी फिल्टर टबात ठेवला, नळ सोडला. ब्रश हातात घेतला. डागशेठ आल्यावर धुतले असते, थांबता आलं असतं. त्यांनी स्वतःच धुतला, चुणीचुणी उलगडून, अगदी नीट. पाणी काळं निघालं. तेवढं तरी काहीतरी निघतंय असं म्हणत त्या घासत राहिल्या. मग दोरीवर लावला आणि पडद्यामागे खोलीत जाऊन बसल्या.

भिंतीपलीकडे शिकवणी सुरू झाली होती. बाई पोरांकडून काहीतरी पाठ करून घेत होत्या. एक ओळ बाई म्हणत, पाठोपाठ पोरं म्हणत. एक ओळ अर्ध्यात तुटली. खोकला आला, थांबेचना. मग कोणीतरी पाण्याचा ग्लास आणल्याचा आवाज.

वहिनींनी हात लांब करून मशीनचं बटण दाबलं, एकदा, पुन्हा एकदा, शेवटच्या वेगापर्यंत. पंखा भणभणायला लागला. थंड, स्वच्छ हवा तोंडावर आली आणि भिंतीपलीकडचं काही ऐकू येईनासं झालं.

संध्याकाळी डागशेठ परतले. दोरीवरचा ताजा फिल्टर त्यांनी बघितला, बोटानं चाचपला. पडद्यातून डोकावून म्हणाले, "केवढा आवाज करून ठेवलायस. बिल किती येईल."

"येऊ दे," वहिनी म्हणाल्या. "एक फिल्टर जास्त धुवू."